टॉवर गावाचा, ड्रोन आपला: ड्रोनमध्ये सिम टाकून उडवायचंय त्यांच्यासाठी

आमची कलमं देवगड तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या) उतारावर. वर कातळ, खाली खाडी. दादा डोंबिवलीत, आणि मोहोराच्या दिवसात त्याचा रोज एकच प्रश्न, कुठल्या कलमाला किती आला, तुडतुडा दिसतोय का, फोटो पाठव. तर साधा टेलिमेट्री रेडिओ (ड्रोनची माहिती लॅपटॉपवर पाठवणारा) लावून ड्रोन उडवायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की ड्रोन कातळाच्या कडेखाली जरा उतरला की लॅपटॉपवरचा डेटा बंद, मधे जांभा आला की रेडिओ काही करू शकत नाही. मग म्हटलं चला सिम टाकूया, टॉवर तर दिसतोय समोर. तिथून पुढे दोन वर्षं जे शिकलो (आणि जे मोडलं) ते एका जागी लिहितोय, कारण हल्ली बरीच पोरं विचारतात.

एक आधीच सांगतो. सिम टाकलं म्हणजे ड्रोन पार विजयदुर्गापर्यंत पाठवायला मोकळे असं नाही. ड्रोन आपल्या नजरेच्या टप्प्यातच ठेवायचा. सिम कशासाठी, तर मधे कड किंवा झाडं आली तरी डेटा तुटू नये आणि लांब बसलेल्या माणसाला चित्र दिसावं, एवढ्यासाठीच.

आधी वर काय होतं ते समजून घ्या

हा भाग सोडून थेट सामान आणायला गेलात तर पैसे वाया जातील, म्हणून इथे जरा वेळ काढा.

आपल्याला वाटतं वर गेलं की रेंज चांगली मिळणार. मिळते, दांड्या फुल्ल दिसतात. पण डेटा मात्र अडखळतो. मी पहिल्यांदा मोडेमचं (ज्यात सिम बसतं ते) लॉगिंग, म्हणजे आकड्यांची नोंद, लावून पाहिलं तेव्हा डोकंच चाललं नव्हतं. कलमांच्या मधे, जमिनीपासून दहा मीटरवर सिग्नल होता उणे १०१ डीबीएम, म्हणजे तसा मरतुकडाच, पण एसआयएनआर ९, व्हिडिओ व्यवस्थित. तोच ड्रोन शंभर मीटरवर नेला तर सिग्नल उणे ७९, झकास, आणि एसआयएनआर उणे २. व्हिडिओची अक्षरशः रांगोळी. एसआयएनआर म्हणजे आपल्या टॉवरचा आवाज बाकीच्या कालव्यापेक्षा किती वर आहे ते, शून्याच्या खाली गेला म्हणजे कालवा जास्त आणि आवाज कमी.

असं का होतं तर टॉवर माणसांसाठी लावलेला असतो, आणि माणसं जमिनीवर असतात. त्यामुळे वरचे अँटेना थोडे खाली वाकवून लावतात, मुख्य झोत गावावर पडतो. ड्रोन त्या झोताच्या वर असतो, त्याला मिळतात फक्त अँटेनाच्या बाजूने सांडणारे बारके झोत, आणि त्या दोन बारक्या झोतांच्या मधे रिकामी जागा असते, म्हणून दहा मीटर इकडे तिकडे सरकलं की सिग्नल एकदम पडतो आणि परत येतो. दुसरं म्हणजे खाली घरं, माड, डोंगर मधे येतात म्हणून तुमच्या फोनला एक-दोनच टॉवर धड दिसतात. वर आडवं काहीच नाही, त्यामुळे आपल्या ग्रामपंचायतीजवळचा, खाडीपलीकडचा, बंदरावरचा, पार पुढच्या सड्यावरचा, सगळे एकदम दिसतात, आणि एकाच कंपनीचे असले की बहुतेक एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. जत्रेच्या दिवसात सड्यावर उभं राहिलं की पाच वाड्यांचे भोंगे एकदम ऐकू येतात ना, सगळं ऐकू येतं आणि एकाचंही धड कळत नाही, अगदी तेच.

आता ह्याची उलट बाजू, जी नवीन माणूस विसरतो. सड्यावरून तुम्ही ओरडलात तर त्या पाचही वाड्यांना ऐकू जातं. ड्रोनमधलं मोडेम वरून व्हिडिओ पाठवायला लागलं की ते फक्त आपल्या टॉवरला नाही, आजूबाजूच्या सगळ्या टॉवरच्या कानात ओरडतं. त्या टॉवरवर खालची जी माणसं बोलत असतात त्यांचा अपलोड बिघडतो. अमेरिकेत ८०० मेगाहर्ट्झच्या सेल्युलर बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) हवेत मोबाईल वापरायला १९९१ पासून बंदी आहे ती ह्याच कारणासाठी, एक फोन वर गेला की शेकडो चौरस मैलातले टॉवर त्याला ऐकतात.

आमच्याकडे शेजारची काकी एका सकाळी आली, म्हणाली, "बाबू, तुझा ता भिरभिरा वर असला की माझो व्हिडिओ कॉल तुटता, काय ता बघ." मी आधी हसलो. मग तिलाच खळ्यात बसवलं, मुलीला दुबईला कॉल लावायला सांगितला आणि ड्रोन वर ठेवून व्हिडिओ चालू-बंद, चालू-बंद करून पाहिला. चार वेळा केलं, चारातल्या तीन वेळा तिचं बरोबर निघालं. तेव्हा मी फुल एचडीमध्ये, सहा एमबीपीएसने चित्र पाठवत होतो, शंभर मीटरवरून. गावात एकच टॉवर, त्याची अपलोडची ताकद मुळात थोडी, त्यातला मोठा घास मीच खात होतो. ह्या लेखातलं बाकी सगळं सेटिंग त्या सकाळनंतरचं आहे.

नियम

थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ वाचा, लांब नाहीत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण पाव्हण्यांच्या लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलंत की तो धंदा झाला. डिजिटल स्काय ह्या सरकारी साइटच्या नकाशावर आपली जागा बघा, हिरव्या झोनमध्ये ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत. चिपी विमानतळाच्या बाजूला असाल, म्हणजे परुळे, वेंगुर्ला, मालवणकडे, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. रत्नागिरीवाल्यांनीही नकाशा न बघता उडवू नये, तिथे तटरक्षक दल आहे.

सिम घेताना कंपनीला लेखी विचारा की हे उडणाऱ्या यंत्रात वापरणार आहे, चालेल का. यंत्रांसाठीची १३ आकडी नंबरची सिम वेगळी येतात, त्यांचे प्लॅनही वेगळे.

सामान

फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, पिक्सहॉक जातीचा, त्यावर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर. त्याच्या जोडीला रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसतं पाय म्हटलं की हाच), कारण हलका आहे. फोरजी मोडेम, शक्यतो असं ज्याला बाहेरचा अँटेना लागतो आणि ज्याला एटी कमांड (मोडेमला थेट द्यायच्या सूचना) देता येतात, क्वेक्टेल कंपनीचे मिळतात. साधं वायफाय डोंगल पण चालतं, पण मग बँड निवडता येत नाही आणि एसआयएनआर बघायला कटकट. फाइव्हजी मोडेमच्या मागे लागू नका, महाग, तापतं, जास्त करंट खातं, आणि आपल्याला लागणारा डेटा मुळात थोडा आहे.

करंटवरून आठवलं. पायला आणि मोडेमला वेगळा ५ व्होल्ट ३ अँपिअरचा बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज कमी करून देणारा छोटा बोर्ड) द्या. फ्लाइट कंट्रोलरच्या टेलिमेट्री पोर्टमधून वीज घेऊ नका. मोडेम लांबच्या टॉवरला ओरडायला लागलं की एकदम करंट ओढतं, व्होल्टेज पडतो, पाय रिस्टार्ट होतो आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसता. मी पंधरा दिवस घातल्या. आणि मोडेम जीपीएसपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवा, मी खाली ड्रोनच्या पायाच्या बाजूला लावलंय, जीपीएस वर काठीवर.

जोडणी

कंट्रोलरचा टेलिमेट्री टू पोर्ट आणि पायचे सीरियल पिन. तीनच वायरी, टीएक्स (पाठवणारी) ते आरएक्स (घेणारी), आरएक्स ते टीएक्स, आणि ग्राउंड. उलटसुलट जोडायच्या असतात हे लक्षात ठेवा, निम्मी पोरं इथेच अडकतात. कंट्रोलरमध्ये त्या सीरियलचा प्रोटोकॉल २ म्हणजे मॅव्हलिंक टू (ड्रोनची बोलायची भाषा), आणि बॉडरेट, म्हणजे वेग, ९२१. पायमध्ये सीरियलवरचं लॉगिन कन्सोल बंद करा नाहीतर दोघं एकमेकांशी वेगळ्याच भाषेत बोलत बसतात.

पायवर मॅव्हलिंक राउटर टाका, तो कंट्रोलरकडून आलेला डेटा यूडीपीने लॅपटॉपच्या १४५५० पोर्टवर पाठवेल, तिकडे मिशन प्लॅनर किंवा क्यूग्राउंडकंट्रोल हे ग्राउंड स्टेशनचं, म्हणजे खालून ड्रोन बघायचं-चालवायचं, सॉफ्टवेअर चालू असेल. पण लॅपटॉपचा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) काय टाकणार? इथे नवीन माणसाचा एक दिवस जातो. मोबाईल कंपनी तुमच्या सिमला सहसा स्वतःचा असा सार्वजनिक पत्ता देत नाही, हजारो गिऱ्हाइकं एका पत्त्यामागे बसवलेली असतात, त्यामुळे बाहेरून ड्रोनकडे थेट जाता येत नाही. चाळीत सगळ्यांना मिळून एकच दारावरची पाटी असावी तसं. उपाय म्हणजे व्हीपीएन. टेलस्केल किंवा झिरोटिअर दोन्हीकडे टाकलं, लॉगिन केलं, की ड्रोन आणि लॅपटॉप जणू एकाच घरच्या वायफायवर आल्यासारखे एकमेकांना दिसतात. वायरगार्ड स्वतः लावलात तर कुठेतरी सार्वजनिक पत्त्याचं भाड्याचं सर्व्हर लागेल आणि कीपअलाइव्ह २५ सेकंदाचा ठेवायला विसरू नका, नाहीतर काही वेळ गप्प राहिलं की वाट बंद होते.

हे सगळं आधी पंखे काढून, पडवीत बसून चालू करा. लॅपटॉप घरच्या फायबरवर आणि ड्रोन सिमवर. डेटा येतोय, ड्रोन हाताने वाकवला की स्क्रीनवर वाकतोय, असं तासभर न तुटता चाललं की मग पुढे.

डेटा कमी करा, मग अजून कमी करा

मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने ड्रोनचा अभ्यास केला तेव्हा कंट्रोलसाठी ६० ते १०० केबीपीएस एवढंच धरलं होतं. म्हणजे ड्रोन सांभाळायला टूजीच्या जमान्यापेक्षा थोडंसंच जास्त लागतं, बाकी सगळा जो डेटा खातो तो व्हिडिओ. कंट्रोलरमधून येणारे संदेश सेकंदाला दहाऐवजी दोन-तीन करा, नकाशावर ड्रोन सरकताना बघायला तेवढे पुरतात.

व्हिडिओ ७२० पी, पंधरा फ्रेम, ८०० केबीपीएसच्या आसपास. मोहोर बघायला एवढं पुष्कळ, बारीक बघायचं असेल तर चांगले फोटो कार्डवर घ्या आणि घरी येऊन पाठवा. जास्त बिटरेट ठेवला की अजून एक गोष्ट होते, व्हिडिओचे पॅकेट मोडेमच्या रांगेत तुंबतात आणि त्यांच्या मागे कंट्रोलचे बारके पॅकेट अडकतात, एसटीच्या मागे रिक्षा अडकते तशी घाटात. पायमध्ये कंट्रोलच्या पॅकेटना प्राधान्य लावून ठेवा. आणि व्हिडिओ सतत चालू नको. मी दादाला फोन करून सांगतो आता बघ, तेव्हाच तीन-चार मिनिटं चालू करतो.

दादावरून एक भयंकर गोष्ट. त्याला हौस आली, त्याने डोंबिवलीत क्यूग्राउंडकंट्रोल टाकलं आणि मीही राउटरमध्ये त्याचा पत्ता घातला, दोघांना नकाशा दिसतोय, मजा. मग एकदा माझा लॅपटॉप बंद पडला तरी ड्रोन जागच्या जागी निवांत. फेलसेफ (लिंक तुटली की ड्रोनने आपोआप परत येणं) लागलाच नाही. का, तर कंट्रोलर ग्राउंड स्टेशनचा हार्टबीट (मी चालू आहे असा सतत येणारा संदेश) बघतो आणि दोन्ही लॅपटॉपचा आयडी डिफॉल्ट २५५, त्यामुळे दादाचा हार्टबीट येतोय म्हणजे सगळं ठीक असं त्याला वाटलं. तेव्हापासून दादाला फक्त व्हिडिओ.

फेलसेफ, आणि माडाची गोष्ट

रिमोट हातात हवाच. सिमची लिंक ही वरची सोय, ड्रोन खाली आणायचं मुख्य साधन रिमोट. टॉवरवर भरवसा ठेवून रिमोट घरी ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याचा ड्रोन तो जाणे.

ग्राउंड स्टेशन फेलसेफ चालू करा, म्हणजे हार्टबीट तुटला की ड्रोन परत येईल. डिफॉल्ट वेळ ५ सेकंद आहे. वर टॉवर बदलताना डेटा क्षणभर तुटतो, आणि वर टॉवर सारखे बदलतात, ह्याच्याकडून त्याच्याकडे आणि परत ह्याच्याकडे, तर ५ सेकंदात दर दोन मिनिटांनी ड्रोन घरी यायला निघतो. मी १० ठेवलेत. रिमोट हातात असेल तरच.

आता परतीची उंची. आर्डूपायलटमध्ये ती डिफॉल्ट १५ मीटर असते. ज्याने हे ठरवलं त्याने कोकणातला माड पाहिला नसावा. पंचवीस मीटरचे माड आहेत आमच्या आगरात. फेलसेफ लागला, ड्रोन शहाण्यासारखा वळला, १५ मीटरवरून सरळ रेषेत घरी निघाला आणि माडात. झावळीत अडकून पंखे फिरतायत, खाली मी. पाडेली येईपर्यंत दोन तास तो तिथेच लटकत होता, आणि पाडेल्याने उतरवताना सोबत चार नारळही पाडले, म्हणाला फुकट कशाला चढू. मोडेमचा अँटेना गेला, एक हात मोडला.

आणि ही उंची तुम्ही जिथून उडवलंत तिथून मोजलेली असते. खाडीकाठून उडवलंत आणि बाग उतारावर पन्नास मीटर वर असेल तर परतीचे ४० मीटर म्हणजे बागेच्या जमिनीच्याही खाली, त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून शक्यतो सगळ्यात उंच जागेवरून, सड्यावरून उडवा, आणि परतीची उंची सगळ्यात उंच माडाच्या वर किमान दहा-पंधरा मीटर.

कुठे किती उंचीवर, ते मोजून ठरवा

पहिली उड्डाणं फक्त मोजमापाची. व्हिडिओ बंद. घरावरच सरळ वर, १०, ३०, ६०, १०० मीटर, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं. मोडेमला दर सेकंदाला सिग्नल, एसआयएनआर आणि कुठल्या सेलवर (टॉवरच्या कुठल्या भागावर) आहे तो नंबर विचारून फाइलमध्ये टाका. मग तेच बागेच्या चारही कोपऱ्यांवर, झाडांचा अंदाज घेत. दोन-तीन सकाळी जातील, जाऊदे. दांड्या बघू नका, एसआयएनआर बघा आणि दहा मिनिटांत सेल किती वेळा बदलला ते मोजा.

आमच्याकडे कामाची उंची ३५ ते ४५ मीटर निघाली. माडाच्या वर, पण लांबचे टॉवर अजून डोंगराआड. खाडीच्या बाजूचा कोपरा मात्र नाठाळ आहे, पाण्यावरून सिग्नल बिनअडथळा येतो, पलीकडच्या किनाऱ्यावरचे टॉवर जोरात दिसतात. समुद्रावर तर अजून वाईट. फोरजी टॉवरचं नेहमीचं सेटिंग साधारण १४ किलोमीटरपर्यंतच्या फोनला जोडून घ्यायचं असतं, त्यापलीकडचा टॉवर ऐकू येतो पण हाक पोचत नाही, आणि तो तरीही कालव्यात भर घालतोच. म्हणून रापणीचं (किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीचं) वगैरे शूटिंग करणाऱ्यांनी किनारा पाठीशी आणि ड्रोन खाली ठेवावा.

बँड लॉक करता येत असेल तर करा. ८५० आणि ९०० लांब जातात, म्हणजे वर लांबचेही जास्त ऐकू येतात, शिवाय गावातली घराच्या आत बसलेली माणसं ह्याच बँडवर जगतात, तिथे आपण गर्दी करू नये. २३०० हा एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून घेणारा बँड, आणि त्या वाटणीत डाउनलोडला मोठा हिस्सा मिळतो, आपल्याला हवा अपलोड. मी १८०० वर बांधून ठेवलाय. तुमच्या टॉवरवर काय आहे ते बघून ठरवा.

कोणी विचारेल, हे नेटवर्कवाल्यांनी नको का करायला? त्यांच्यासाठी सोय आहे. २०१८ च्या सुमारास आलेल्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १५ मध्ये हे सिम ड्रोनचं आहे अशी नोंद करणं, ठराविक उंचीच्या वर गेल्यावर ड्रोनने स्वतः कळवणं, एकदम बरेच सेल जोरात ऐकू आले तर सांगणं, उड्डाणाचा मार्ग आधी देणं, आणि अपलोडची ताकद वेगळी ठरवणं, असं सगळं मानकात घातलं गेलं. पण मानकात असणं आणि आपल्या गावच्या टॉवरवर चालू असणं ह्यात फरक आहे, दुकानातलं सिम घेऊन गेलात तर टॉवरसाठी तुम्ही एक उंचावर चढलेला फोन आहात, बस.

आमच्याकडचे काही धडे

उडवायची वेळ सकाळी, मतलई वारा पडला आणि खारा वारा सुरू व्हायचा आहे त्या मधल्या तासा-दीडतासात. दुपारी खारा वारा ड्रोनला ढकलतो आणि मीठही आणतो. संध्याकाळी सातनंतर सगळं गाव फोनवर असतं, तेव्हा टॉवरवर जागाच नसते.

वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि मग बॅटरीही जाते. वीज जाऊन तीन-चार तास झाले असतील तर दांड्या दिसत असल्या तरी उडवू नका, मधेच टॉवर झोपतो. वादळानंतर पडझड बघायला ड्रोन सगळ्यात जास्त उपयोगाचा, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क नसतं, जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडच्यांनी हे भोगलंय. त्यासाठी साधा टेलिमेट्री रेडिओ काढून टाकू नका, दोन्ही ठेवा.

पावसात चार महिने माझा ड्रोन डब्यात असतो. त्याआधी पाय आणि मोडेमच्या बोर्डावर कोटिंगचा स्प्रे मारा, सिमची खाच आणि अँटेनाचे कनेक्टर मात्र टेप लावून झाका, त्यांवर स्प्रे नको. उड्डाण झालं की मोडेम गरम असतानाच बंद डब्यात टाकू नका, आत दव धरतं. मी पडवीत पंख्याखाली अर्धा तास ठेवतो, मग सिम काढून पुसतो, आणि महिन्यातून एकदा सिमची सोनेरी बाजू खोडरबराने घासतो, कारण मागच्या मार्चमध्ये मी आठवडाभर नेटवर्क शोधत होतो आणि सापडला होता तो त्या सोनेरी पट्ट्यांवर चढलेला हिरवा गंज.